‘रडायचं असेल तर बाथरूममध्ये जा’

पत्र

नमस्कार सिस्टर,

मी एका जिल्हा रुग्णालयात मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात स्टाफ नर्स आहे. नोकरीला चौदा वर्षं झाली. आमच्याकडे जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या मुली प्रॅक्टिकलला येतात. गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्यासोबत नाइटला होती. लिव्हर खराब झालेले एक बाबा अकरा दिवस ॲडमिट होते. ती त्यांना भरवायची, स्पंज द्यायची. ते तिला ‘पोरी’ म्हणायचे. पहाटे चारला बाबा गेले आणि नेमकी त्याच वेळी कॅज्युअल्टीतून दोन ॲडमिशन आली. मी तिला म्हटलं, वॉर्डबॉय मामांना घे आणि बॉडी पॅक कर. तिने केली. ट्रॉली गेली आणि ती टेबलापाशी उभी राहून रडायला लागली. बाकीचे नातेवाईक बघत होते. मी म्हटलं, ‘रडायचं असेल तर बाथरूममध्ये जा. एवढ्यावर रडलीस तर नोकरी कशी करशील?’

दुसऱ्या दिवसापासून ती वॉर्डात आलेली नाही. हॉस्टेलवर असते, कोर्स सोडते म्हणते. आता प्राचार्य मॅडमनी मलाच सांगितलंय की मृत्यू या विषयावर सगळ्या मुलींचा एक तासाचा क्लास घ्या. मी काय शिकवू? मला कुणी शिकवलंच नाही. आणि त्या मुलीला तोंड कसं दाखवू?

— एक स्टाफ नर्स

उत्तर

प्रिय सिस्टर,

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली आज तुझ्या वयाच्या आहेत.

आधी त्या वाक्याचं बघू. ते तुझं नाहीच. तुला ते कुणीतरी दिलं असणार, तिला आणखी कुणी. मला मिळालं १९७९ साली, मी एकोणीस वर्षांची असताना. तेव्हा धनुर्वाताची खोली वेगळी असायची. खिडक्यांना काळे पडदे, कारण उजेड आला किंवा एखादं भांडं पडलं तरी पेशंटला झटका यायचा. तिथे सहा वर्षांचा एक मुलगा होता, पायात खिळा गेलेला. तो गेला तेव्हा त्याची आई बाहेर व्हरांड्यात भाकरी खात बसली होती. इनचार्ज सिस्टर मला म्हणाल्या, लिनन मोज. मी चादरी मोजल्या, चौदा भरल्या. पुन्हा मोजल्या तर तेरा. तिसऱ्यांदा मोजताना रडू फुटलं आणि मला बाथरूमचा रस्ता दाखवण्यात आला. गेले. शेजारच्या संडासातही कुणीतरी रडत होतं. कोण, ते आजतागायत कळलं नाही.

त्या सिस्टर दुष्ट नव्हत्या. साठ पेशंट आणि दोन नर्सेस असा तो वॉर्ड होता. गावाहून येताना आमच्यासाठी डबाभर चिवडा आणायच्या. पण वॉर्ड चालता राहायचा तर कुणी थांबायचं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. तुलाही त्या पहाटे दोन ॲडमिशन सोडून दुसरं काय सुचणार होतं? म्हणून स्वतःला फार झोडपू नकोस. चूक झाली हे मात्र खरं.

इझाबेल मेन्झीस नावाच्या एका मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास केला होता. तो १९६० साली छापून आला. त्यांना काय दिसलं? एका नर्सकडे एक पेशंट असा नसायचाच. कामाचे तुकडे पाडलेले, एकीने सगळ्यांचं टेंपरेचर घ्यायचं, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचं. मुलींच्या ड्युट्या सारख्या बदलायच्या. पेशंटला नाव नसायचं, ‘दहा नंबरचं लिव्हर’ म्हणायचे. वाचताना वाटतं, बाईंनी आपल्याच वॉर्डात राउंड मारला होता की काय! त्यांचं म्हणणं असं की, ही सगळी रचना नर्सला मरणाचा आणि दुखण्याचा त्रास होऊ नये म्हणून आपोआप उभी राहिलेली असते. आणि तिचा उपयोग होत नाही, कारण त्रास आत साठतो. तिथल्या शिकाऊ मुलींपैकी जवळजवळ एक तृतीयांश शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या. तुझी मुलगी हॉस्टेलवर बसून त्याच हिशोबात भर घालते आहे.

‘पेशंटला जीव लावायचा नाही’ हे त्याच रचनेतलं दुसरं वाक्य. मीही ते काही वर्षं मुलींना ऐकवलं, मग बंद केलं. अरुणा शानबाग आठवतात ना? स्वतः केईएममध्ये नर्स. १९७३ साली तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयाच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, एक पिढी निवृत्त झाली की दुसरी. इतकी वर्षं अंथरुणावर असलेल्या बाईच्या अंगावर बेडसोअर नव्हता, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. तू नर्स आहेस, याचा अर्थ तुला सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलायला जीव लावलेला हात लागतो. तुझी मुलगी त्या बाबांना अकरा दिवस भरवत होती, हा तिचा गुण आहे. तिला तो चूक म्हणून ऐकू आला.

आता तिच्याकडे जायचं. क्लासच्या आधी जायचं आणि एकटीने जायचं. ‘माझं चुकलं, मी तुला एकटीला सोडायला नको होतं’ एवढं पहिल्या दमात बोलून टाक. ‘कसं वाटतंय’ विचारू नकोस, त्याला उत्तर नसतं. ‘बाबांचं सांग’ म्हण. ते काय बोलायचे, काय खायचे. ती बोलायला लागली की मग विचार, त्या रात्रीतलं नेमकं काय डोळ्यांपुढून जात नाही?

हा प्रश्न मी मुद्दाम सांगते आहे. बहुतेक वेळा मोठं दुःख वगैरे बाजूला असतं आणि एखादी बारीकशी गोष्ट घशात अडकलेली असते. माझी एक विद्यार्थिनी होती, हुशार, हात हलका. पहिल्या मृत्यूनंतर ती पेशंटला कुशीवर वळवायचं म्हटलं की टाळाटाळ करायची. दोन वर्षांनी, पास झाल्यावर, पेढे द्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, ‘मॅडम, आम्ही पॅक करत होतो ना, तेव्हा ते आजोबा जिवंत होते.’ मी थक्क. विचारलं, कशावरून? म्हणाली, वळवलं तेव्हा ते कण्हले. गेलेल्या माणसाला कुशीवर घेतलं की छातीत राहिलेली हवा बाहेर पडते आणि घशातून आवाज येतो, अगदी कण्हल्यासारखा. हे मला माहीत होतं, मामांना माहीत होतं, वॉर्डातल्या सगळ्यांना माहीत होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपण एका जिवंत माणसाला चादरीत बांधलं असं समजून ती पोर दोन वर्षं झोपत होती. तुझ्या मुलीने हनुवटी बांधली, डोळे मिटवले, अंग अजून गरम होतं, आणि शेजारी कोण होतं? पायाला चिठ्ठी बांधण्याच्या घाईत असलेले मामा. काय अडकलंय ते तिच्याकडूनच कळेल.

कोर्स सोडायचा की नाही हे त्या दिवशी काढूच नको. सोडणाऱ्या सगळ्या कमकुवत असतात असं मला वाटत नाही. मात्र झोप नाही, जेवण नाही, असं पंधरा-वीस दिवस चाललं असेल किंवा ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही तिच्या तोंडून आलं तर पुढचं तुझ्या-माझ्या गप्पांवर सोडायचं नाही. तुमच्याच रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात स्वतः घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता क्लास. एक तास दिलाय म्हणजे प्राचार्य मॅडमना रजिस्टरमध्ये नोंद हवी आहे, हे तुलाही कळतं आणि मलाही. घे तो तास. फक्त त्यात नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या पाच पायऱ्या फळ्यावर लिहू नकोस. त्या मुलींना पाठ आहेत, परीक्षेला येतात. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, पण त्याच्याआधी त्यांनी काय केलं ते आपण शिकवतच नाही. शिकागोच्या रुग्णालयात त्या मरणाच्या वाटेवरच्या पेशंटशी बोलत बसायच्या आणि विद्यार्थी ते ऐकायचे. शिकवणारा पेशंट होता. आपण त्यातल्या पायऱ्या उचलल्या आणि पेशंट तिथेच ठेवला. मरणारा माणूस पायऱ्या मोजत जात नाही. सकाळी मुलाच्या लग्नाची बोलणी करतो आणि दुपारी ‘मला आता सोडा’ म्हणतो.

त्याऐवजी मरण दिसतं कसं, ते सांग. आजकालच्या मुलींनी घरात कुणी गेलेलं पाहिलेलं नसतं, आजी-आजोबाही आयसीयूतच जातात. आपल्या आज्यांकडे यासाठी शब्द होते. घरघर लागली, नाडी सुटली, पाय गार पडले, डोळे लावले. त्या शब्दांनीच सुरुवात कर. घरघर म्हणजे घशात साठलेला स्राव, जो गिळायची ताकद पेशंटमध्ये उरलेली नसते. ऐकणाऱ्याला वाटतं जीव गुदमरतोय, पण त्या अवस्थेतल्या पेशंटला बहुधा त्याचा त्रास जाणवत नसतो. खोलवर सक्शन करून, म्हणजे नळीने स्राव ओढून, उगाच टोचणी होते, कुशीवर वळवलं तर आवाज कमी होतो. डॉक्टरांनी लिहून दिलं तर इंजेक्शनही असतं. श्वास थांबतो, पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, आणि पुन्हा सुरू होतो. नवी मुलगी तेवढ्यात धावत सुटते. गुडघ्यांवर, पावलांवर जांभळट जाळी उमटते. खाणं सुटतं, आणि ते उपाशी मारणं नव्हे, हे नातेवाइकांना समजावणं आपलं काम. ‘एनबीएम आहे, पाणी द्यायचं नाही’ असं दारातून ओरडून जाणाऱ्या नर्सेस मी पाहिल्यात. शेवटच्या तासात मुलाला तुळशीपत्र ठेवायचं असेल, गंगाजलाचा थेंब द्यायचा असेल, तर गॉझ ओला करून ओठांना लावू दे. कुणाला कानाशी कलमा म्हणायचा असतो, कुणाला फादरना बोलवायचं असतं. पडदा ओढ, स्टूल दे, बाजूला हो.

सीपीआरचंही सांग. छाती दाबताना हाताखाली बऱ्याचदा बरगडी मोडते आणि तो आवाज मनगटापर्यंत येतो. हे आधी माहीत असलेली मुलगी घाबरते, पण स्वतःला खुनी समजत नाही. वाचणार नाही हे सगळ्यांना कळलेल्या म्हाताऱ्या माणसावर नातेवाइकांना दाखवायला म्हणून केलेला सीपीआर मुलींना सगळ्यात जास्त खातो, असा माझा अनुभव. अशा वेळी उपचार कुठे थांबवायचे याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घालून दिली आणि जानेवारी २०२३मध्ये थोडी सोपी केली. तो निर्णय डॉक्टरांच्या बोर्डाचा आहे, नर्सचा नाही. पण राउंडला ‘सर, यांच्या घरच्यांशी बोलणं झालंय का?’ असं विचारायला नर्सला कुणाची परवानगी लागत नाही.

मग येतं बोलणं. डॉक्टर मंडळींसाठी वाईट बातमी सांगायची सहा टप्प्यांची एक पद्धत २००० सालापासून आहे, स्पाइक्स नावाची. आपल्या एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमातही नीती आणि संवाद हा भाग रीतसर आला. चांगलं झालं. पण रात्री अडीचला नातेवाईक इंटर्नला विचारत नाही, तो टेबलापाशी येऊन म्हणतो, ‘सिस्टर, खरं सांगा.’ आणि आपण म्हणतो, ‘सिरीयस आहे.’ सिरीयस तर तो चार दिवस आहेच! गेल्यावर म्हणतो, ‘एक्सपायर झाले.’ औषधाची बाटली एक्सपायर होते. मुलींना दोघी-दोघी समोरासमोर बसवून मराठीत बोलायला लाव. मृत्यू झाला हे आधी डॉक्टरच सांगणार, पण आई दहा मिनिटांनी धावत आली तर तिला सांगायचं तुझ्या वाट्याला येतंच. ‘मावशी, बसा. वाईट बातमी आहे. काका गेले.’ यापुढे तोंड मिटायचं. मुलींना हेच जमत नाही, त्या लगेच ‘आम्ही खूप प्रयत्न केले’ सुरू करतात, कारण शांतता त्यांनाच सोसत नाही. वर्गात हसतील, हसू दे. तिसऱ्या जोडीपर्यंत कुणाचा तरी आवाज फुटतो. तिथे थांब, तोच तुझा क्लास.

मारहाणीची भीती मुली विचारतीलच. डॉक्टर-नर्सेसवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१०चा आपल्या राज्याचा कायदा आहे, त्याचा बोर्ड तुमच्या कॅज्युअल्टीतही लागलेला असेल. असावाच. पण ज्यांना दोन दिवस आधीपासून कुणीतरी बसवून खरं सांगितलंय, त्यांच्या हातात खुर्ची आलेली मी क्वचितच पाहिली.

इतकं सगळं सांगितलं तरी खरी तयारी त्या तासात होणार नाही, वॉर्डात होईल. मॅडमकडे जाऊन एकच गोष्ट मागून घे. कोणत्याही मुलीचा पहिला मृत्यू तिने एकटीने हाताळायचा नाही. पहिला पेशंट गेला की एक पास झालेली नर्स तिच्या शेजारी, शेवटची गाठ बांधेपर्यंत. डॉक्टरांनी तपासलं की मुलीलाही स्टेथो लावू दे, पुरतं एक मिनिट ऐकू दे. काही ऐकू येत नाही, हे तिच्या कानाला पटलं पाहिजे. स्टाफ नाही, हे मला सांगू नकोस, मीही त्याच सरकारी नोकरीत होते. ॲडमिशन दहा मिनिटं आरएमओने, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरने सांभाळली तर काही बिघडत नाही. तुला खरंच सुटता येत नसेल तर गेलेला माणूस थांबेल. त्याला घाई नाही, पडदा ओढून ठेव आणि मुलीला तुझ्यासोबत ॲडमिशनला घे. नंतर दोघी मिळून करा.

आणि पॅक करायच्या आधी अर्धं मिनिट थांबायचं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या एका विद्यापीठ रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने ही पद्धत सुरू केली. पेशंट गेला की खोलीतल्या सगळ्यांनी जागच्या जागी थोडा वेळ गप्प उभं राहायचं, ज्याने त्याने आपापल्या मनात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मी ऐकलं आणि निवृत्तीआधी वर्षभर आमच्या वॉर्डात करून पाहिलं. आम्ही त्यात एक भर घातली. आधी नाव घ्यायचं, पूर्ण नाव, केसपेपरवर बघून. ‘बारा नंबर’ नाही. पहिल्या दिवशी एक मावशी पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, ‘बावीस वर्षं पोती बांधल्यागत बांधतेय, नाव आज ऐकलं.’ तेव्हा लक्षात आलं की आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त प्रेतं मामा-मावशींच्या हातून जातात आणि त्यांना कुणी कधी एका तासाचाही क्लास देत नाही. तुझ्या क्लासला त्यांना बोलाव. मागच्या बाकावर नको, पुढे.

त्यानंतर चहा. पेशंटच्या पहिल्या दिवसापासून बोलायचं, पॅकिंगवर संपवायचं, पंधरा मिनिटं. आणि त्या कॉटवर येणारी पुढची ॲडमिशन त्या शिफ्टला त्याच मुलीला द्यायची नाही. गादी पुसून तासाभरात नवा माणूस तिथे झोपतो, हे बघायला ताकद लागते, ती एका रात्रीत येत नाही.

जमलं तर मुलींना एखाद्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या ठिकाणी, दोन-चार दिवस पाठवायचं बघ. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं. ही सगळी कल्पना आधुनिक रूपात ज्यांनी आणली त्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या. मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर, आणि १९६७ साली लंडनला त्यांचं हॉस्पिस सुरू झालं. अशा ठिकाणी मुलींना असं मरण दिसतं, ज्यात कुणी धावत नाही. तेवढं लांब नसेल जमत तर सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात चौकशी कर. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायचा, केंद्राचा कार्यक्रम २०१२ पासून आहे, तुमच्या जिल्ह्यात त्याचं युनिट असेल तर तिथल्या सिस्टर घरोघर जातात. एक मुलगी, एक दिवस, त्यांच्या जीपमध्ये.

तू स्वतः अजून कुठे रडलीस ते पत्रात लिहिलं नाहीस. चौदा वर्षांत कुठेतरी रडली असशीलच. क्लासची सुरुवात तिथून केलीस तर मुली फोन खाली ठेवतील.

हॉस्टेलवर रविवारी दुपारी जा, मेस झाल्यावर, तेव्हा मुली खोलीत असतात. ती दार उघडणार नसेल तर बाहेर थोडी बस. बाबांच्या घरून कुणी पुन्हा वॉर्डात आलं होतं का, कागदपत्रांसाठी, आधारकार्डासाठी? येतातच. तिच्याबद्दल त्यांनी काही विचारलं असेल, ‘ती बारीक सिस्टर कुठंय’ असं काही, तर ते तिला सांग. नसेल विचारलं तर बनवून सांगू नकोस.

काय झालं ते कळव. दोन ओळी चालतील.

तुझी,
सिस्टर